खालच्या कप्प्यातलं धोतर

मला सातवा महिना लागला आणि दुसऱ्या मजल्यावरचं लोखंडी कपाट माझ्या खोलीत आलं. ते चार पोरांनी मिळून उतरवलं. चौघंही मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी करणारे, त्यामुळे जिन्याच्या वळणावर थांबून त्यांनी आधी कपाटाचा गुरुत्वमध्य कुठं येतो यावर वाद घातला. तोवर कपाट माझ्या सासूबाईंच्या पायावर टेकलं होतं. "मध्य नंतर काढा रे, आधी माझा अंगठा काढा!" असं त्या ओरडल्या तेव्हा कुठं विज्ञान पुढं सरकलं.

आमचं घर लातूरच्या ट्यूशन एरियात. खाली आम्ही, वरच्या दोन मजल्यांवर डॉक्टर होऊ घातलेली पोरं. या भागात घरांना नावं नाहीत, "केमिस्ट्रीवाल्या सरांच्या मागं" आणि "निकालाच्या मोठ्या बोर्डाखाली" असले पत्ते आहेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असाच एक बोर्ड आहे. तो इतका मोठा की मागच्या साली पहिल्या आलेल्या पोराच्या नाकामागं पारव्यांची दोन बिऱ्हाडं राहतात.

माझे सासरे माधवराव गणिताचे निवृत्त शिक्षक. सासूबाई सौदामिनी, त्यांना मी आत्याबाई म्हणते, पोरांची खानावळ बघतात. नवरा मिहिर औषध कंपनीत एमआर. मी वैष्णवी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मूळची अहमदपूरची. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत, पण माझी आई चार वर्षांपूर्वी गेली. माहेरी उरले एकटे आण्णा, ज्यांना साखरेचा डबा शोधायलाही शेजारीण लागते. म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं, आणि बाळाचं कपाटही.

कपाट मी स्वतः धुतलं. दाराला आतून मूलद्रव्यांची सारणी चिकटवलेली होती. ओल्या फडक्यानं अर्धी निघाली आणि अर्धी सोन्यापाशी हटून बसली. मधल्या कप्प्याच्या भिंतीवर कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं : "घरी गेल्यावर. १) झोप २) शेंगाची चटणी, शिळी भाकर ३) झोप." ते मी पुसलं नाही. येणाऱ्या बाळाचा कार्यक्रमही साधारण असाच असेल असं मला वाटलं.

कप्पे पाच. माझा बेत साधा होता. हात पोचेल त्या उंचीवर दुपटी आणि लंगोट, त्याच्या वर झबली-टोपडी, सगळ्यात वर पाहुणे देतील ती कधीच न वापरायची खेळणी. खाली तेल, वेखंड, फडकी. मी घड्या घालून सगळं लावलं आणि कंबर धरून खाली बसले, एवढ्यात आत्याबाई आल्या.

"कशाला गं वर चढवून राहिलीस?" म्हणत त्यांनी अर्धं सामान खाली आणलं.

त्र्याण्णवच्या भूकंपात ज्या बायांचा संसार नवा होता, त्या डोक्याच्या वर काही ठेवत नाहीत. आमच्याकडे पितळी पातेली, लोणच्याच्या बरण्या आणि देव, सगळे कमरेच्या खाली. देवांचं दर्शन घ्यायला तर जवळजवळ पालथंच पडावं लागतं. दुपट्याच्या घडीचं वजन किती असेल हो आत्याबाई, असं मी विचारलं.

"जमीन हलल्यावर वजन कोण बघतंय?" त्या म्हणाल्या.

दुसरा नियम असा की बाळ जन्मायच्या आधी नवं काही आणायचं नाही, आणि पहिलं झबलं जुन्याच कापडाचं. हे सगळीकडंच असतं. जुनं सुती कापड मऊ, बाळाला टोचत नाही. पण आत्याबाईंचं म्हणणं त्याच्या चार पावलं पुढं : पहिलं कापड ज्याचं, त्याचा गुण अंगाला लागतो. म्हणून कापड बघून नाही, माणूस बघून घ्यायचं. मिहिरच्या वेळी त्यांनी एका नावाजलेल्या सर्जनच्या धोब्याला गाठून सर्जनचा जुना सदरा मिळवला होता. गुण लागला. मिहिरनं मेडिकलसाठी दोन वर्षं घालवली, प्रवेश मिळाला नाही, आणि आता तो रोज टाय लावून सर्जन लोकांच्या दाराबाहेर बसलेला असतो. हे मी बोलून दाखवलं तेव्हा आत्याबाईंनी डोळे वटारले.

"सदरा धोब्याकडचा होता," त्या म्हणाल्या. "धुतल्यावर किती गुण राहणार?"

ही चूक त्या पुन्हा करणार नव्हत्या. नीटचा निकाल लागला की वर राहणाऱ्या ज्या पोराचे मार्क सहाशेच्या पुढं, त्याला त्या पुरणपोळी खाऊ घालायच्या आणि हात धुवायच्या आत अंगातला टी-शर्ट मागायच्या. पोरंही बिचारी द्यायची. हे माझ्या लग्नाआधीपासून चाललं होतं. मला वाटायचं, बोहारणीला देऊन पातेली घेत असतील.

असे सात टी-शर्ट जमले होते. ते गल्लीतल्या शिलाई करणाऱ्या गौसियाआपांकडं गेले आणि सात झबली होऊन परत आले. माधवरावांनी प्रत्येकाला चिठ्ठी टाचली. "हारिस, ६४८." "जुबेर, ६३१, बायोलॉजी उत्तम." सगळी झबली मार्कांच्या उतरत्या क्रमानं सगळ्यात वरच्या कप्प्यात गेली. वर काही ठेवायचं नाही हा नियम तेवढ्यापुरता रद्द झाला, कारण गुणवत्ता यादी खाली कशी ठेवणार?

पाचवीचं सामानही त्यांनी आधीच काढून ठेवलं. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, म्हणून तिच्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवतात. माधवरावांनी काळा बॉलपेन निवडला.

"निळा नको," ते म्हणाले. "निळ्यानं गोळे भरले की पेपर बाद होतो."

ते चेष्टा करत होते की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

झबली द्यायला आलेल्या गौसियाआपा जाताना माझ्या कानाला लागल्या. "बेटा, ये सब क्लासवालों के टी-शर्ट है. पूरा पॉलिस्टर. गुण लगे न लगे, घामोळी जरूर लगेगी."

"मग आत्याबाईंना सांगा की," मी म्हटलं.

"मैं कायकू बोलूं? मेरेकू इसीच गली में रहना है."

मला स्वतःला या सगळ्यात एकच गोष्ट हवी होती. बाळाच्या अंगाला लागणारं पहिलं कापड माझ्या आण्णांच्या धोतराचं असावं. बाकीचं कपाट त्यांनी मेरिट लिस्टनं भरावं, माझी ना नव्हती. एक कप्पाही नाही, एक घडी एवढंच मागणं होतं.

आण्णा, म्हणजे भुजंगराव, अहमदपूर आगारात एसटीचे कंडक्टर होते. मॅट्रिक तीनदा नापास. आयुष्यात कुणी त्यांना कशात पहिला नंबर दिला नाही. त्यांची प्रसिद्धी एकच, आणि ती जिल्हाभर : भूकंपात झोपलेला भुजंग.

ती गोष्ट अशी. त्या रात्री त्यांची मुक्कामी गाडी होती. शेवटची फेरी रात्री गावात जाऊन थांबते आणि सकाळी सहाला तीच पहिली गाडी म्हणून सुटते. गणपती विसर्जनाचा दिवस, दिवसभर डबल ड्युटी झालेली. ड्रायव्हर देवळाच्या ओट्यावर झोपला आणि आण्णा गाडीतच, मागच्या लांब बाकावर. पहाटे चारच्या सुमारास गाडी हलायला लागली. आण्णांना वाटलं, म्हैस अंग घासतेय गाडीला. त्यांनी "हॉट, हॉट" केलं, कूस बदलली आणि पुन्हा झोपले. अर्ध्या तासानं उठले तर म्हैस नाही, आणि गावही नाही.

आण्णा हे सांगायचे ते म्हैस हाकलायच्या हावभावासकट. लग्नात, बारशात, स्टँडवरच्या हॉटेलात. लोक हसून लोळायचे. त्या एवढ्या मोठ्या मरणात हसण्यासारखं एवढंच सापडलं होतं, म्हणून लोक ते मागून मागून ऐकायचे. माझ्या लग्नात तर आण्णांनी ते व्याह्यांच्या पंगतीत केलं. त्यानंतर दोन दिवस माधवराव माझ्याकडं काळजीनं बघत होते, ही सकाळी उठेल ना म्हणून.

मला मात्र त्या गोष्टीचा अभिमान होता. आमच्या घरात कुणालाच झोप येत नाही. वरची पोरं रात्री दोनपर्यंत जागतात आणि पाचला गजर लावतात, त्यांचे चौदा गजर चौदा वेळांना वाजतात. मिहिर झोपेत गोळ्यांची नावं घेतो. आत्याबाई तर भूकंपापासून गेली सव्वीस वर्षं पहाटे चारच्या आत उठून अंगणात जाऊन बसतात, थंडी असो की पाऊस. अशा घरात येणाऱ्या जिवाला, जमीन हलली तरी कूस बदलून झोपणाऱ्या माणसाचा गुण लागावा, एवढंच माझं शास्त्र होतं. आत्याबाईंच्या शास्त्रापेक्षा ते काही वाईट नव्हतं.

डोहाळेजेवणाला मी आण्णांना फोन करून मुद्दाम धोतर आणायला सांगितलं. ते आधी "माझं कशाला?" म्हणाले, मग "बघतो" म्हणाले. मी दम दिला तेव्हा घेऊन आले. पिशवीत एक किलो शेंगा आणि वर धोतर, धुऊन वाळवून चौकोनी घडी घातलेलं. वापरून वापरून ते इतकं विरलं होतं की उजेडाकडं धरलं तर पलीकडची खिडकी दिसायची. आत्याबाईंनी दोन बोटांत चोळून बघितलं.

"लई मऊ हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून हे आलं म्हणजे मी जिंकले असं मी समजले. मधल्या कप्प्यात, त्या झोपेच्या यादीपाशी, मी धोतर ठेवलं. आण्णा जेवले, स्वयंपाकघरात जाऊन आत्याबाईंचा निरोप घेऊन आले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. त्या दिवशी म्हशीची गोष्ट त्यांनी केली नाही. मागणी झाली होती, पण त्यांनी घसा बसलाय म्हणून टाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं तर धोतर सगळ्यात खालच्या कप्प्यात, फरशी पुसायच्या फडक्यांमध्ये.

मी ते उचलून वर ठेवलं. संध्याकाळी ते खाली. मी वर ठेवलं. सकाळी खाली. आठवा महिना असा गेला. आत्याबाई एका शब्दानं बोलत नव्हत्या आणि मीही नाही, पण धोतर दिवसातून दोनदा चढत-उतरत होतं. वाकून वाकून माझी कंबर गेली. माधवरावांच्या लक्षात हे आलं तेव्हा त्यांनी तोडगा म्हणून धोतरालाही चिठ्ठी टाचली : "भुजंगराव, एसटी." मार्कांची जागा कोरी सोडली होती. ती चिठ्ठी बघून मला इतकं रडू आलं की मी मोरीत नळ सोडून बसले, आणि आमच्याकडं पाणी दहा दिवसांनी येतं हे माहीत असून सोडून बसले.

मिहिरला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना, कापडच आहे." मी म्हटलं, "मग तुमच्या बापाचं सोवळं आणा, मी त्यानं गॅस पुसते." त्यानंतर त्यानं या विषयावर मत दिलं नाही.

नववा लागला आणि माझा तोल सुटला. दुपारची पंगत चालली होती, चौदा पोरं ताटावर, आत्याबाई पोळ्या लाटत होत्या. मी धोतर घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"माझ्या बापाचं धोतर फरशी पुसायला?" मी सगळ्यांसमोर विचारलं. "नापास आहेत म्हणून? कंडक्टर होते म्हणून? सरळ सांगा एकदा. त्या पोरांच्या घामट टी-शर्टांना वरचा कप्पा आणि माझ्या बापाला फडक्यांची जागा?"

पोरांचे घास हातात राहिले. ज्यांचे घामट म्हटलं ते तर कधीच डॉक्टर व्हायला निघून गेले होते, पण उरलेल्यांनी आपापली काख हळूच तपासली. आत्याबाईंनी लाटणं थांबवलं नाही.

"तुझ्या बापालाच विचार," त्या म्हणाल्या.

मला ते टोमण्यासारखं लागलं. मी तिथंच आण्णांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडं स्टँडचा गोंगाट चालला होता. "असू दे गं माय," आण्णा म्हणाले. "फडकंच हाय ते. इहिणबाईला काही बोलू नगंस." मी फोन कापला. आत्याबाईंचा राग आला होता त्याच्या दुप्पट आण्णांचा आला. माणसानं इतकंही मिळमिळीत असू नये की लेक आपल्यासाठी भांडत असताना आपण समोरच्या बाजूनं साक्ष द्यावी.

मी धोतर उचललं नाही मग. जिथं होतं तिथं राहू दिलं. कपाटाकडं बघणंही सोडलं. पहिल्यांदाच मनात आलं की मूल जन्मेल ते यांचंच, माझ्याकडचं त्याला काहीच नसेल.

तारखेच्या बारा दिवस आधी, सकाळी सहाला माझ्या कळा सुरू झाल्या. पिशवी आत्याबाईंनी भरून ठेवलेलीच होती. अकराच्या सुमारास मुलगी झाली. सिस्टरनं कपडे मागितले तेव्हा आत्याबाईंनी मानानं हारिसचं झबलं पुढं केलं, चिठ्ठीसकट. सिस्टरनं ते उलटंपालटं करून बघितलं.

"हे काय, क्रिकेट खेळायला आलीय का ती?" ती म्हणाली. "पॉलिस्टर नको. सुती आणा." आणि मुलीला दवाखान्याच्या हिरव्या कापडात गुंडाळून माझ्या कुशीत दिलं. ते कापड धरायचं नाही, असं आत्याबाईंनी तिथल्या तिथं जाहीर केलं. दवाखान्याच्या कापडाला कुणाचाच गुण नसतो म्हणे.

दुपारी दोनच्या गाडीनं आण्णा आले. दारातच थांबले. मिहिरनं त्यांना स्टूल दिलं आणि चहा आणायला खाली गेला. आण्णांनी स्टूल दाराजवळ ओढलं आणि तिथूनच मान लांब करून बघायला लागले.

"घ्या की तिला," मी म्हटलं.

"प्रवासाचे हात हायेत."

"मागं बेसिन आहे, धुवा."

हात धुतले. परत स्टुलावर. "सर्दी झाल्यागत वाटतंय," म्हणाले.

मग माझं डोकं फिरलं. टाके ओढत होते, अंगात त्राण नव्हतं, पण राग कुठून आला कोण जाणे. "अहमदपूरहून लांबून बघायला आलात का? फडकंच हाय म्हणे! मी तुमच्यासाठी एवढ्या घराशी वाकडं घेतलं, आणि तुम्हाला स्वतःच्या नातीला हात लावायची लाज वाटते?"

आत्याबाई खिडकीशी पिशवी आवरत होत्या. त्यांनी आण्णांकडं बघितलं. "सांगा आता, व्याही," त्या म्हणाल्या. "मी तुमचा शब्द लई दिवस सांभाळला."

आण्णा हाताच्या रेघा बघत बसले. मग बोलले ते जमिनीकडं बघून.

"म्हैस नव्हती, वैशे."

मला काही समजेना.

"माणूस व्हतं. गाडीच्या पत्र्यावर थापा मारत व्हतं. कंडक्टर मास्तर, ओ मास्तर, उठा म्हणत व्हतं. म्या म्हनलं, गाडी सहाला हाय. डोळं बी उघडलं न्हाईत. आणखी दोनदा थाप मारली. म्या म्हनलं, अरं, सहाला म्हनलं की. आन् झोपलो."

"कोण होतं?" मी विचारलं.

"काय म्हाईत. बाई का बाप्या, ते बी ध्यानात न्हाई. उठलो तवा गाडीभवती कुनीच नव्हतं. मग दिवसभर दगड-माती उपसली. जे निघंल त्याच्या तोंडाकडं बघायचो, ह्यो व्हता का, ही व्हती का." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "लोकांनी इचारलं, तू कुठं व्हतास? म्या म्हैस म्हनलं. हसले. मग म्हैसच म्हनत राहिलो."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की ती सांगायला शब्द नाहीत. पाहुणे आले की "आण्णा, म्हैस करा ना" म्हणणारी मीच. मैत्रिणींना घरी बोलावून त्यांच्यापुढं ती गोष्ट करायला लावणारी मीच. आणि ते करायचे, दर वेळी, हावभावासकट.

"इहिणबाईला डोहाळजेवणाच्या दिवशी हात जोडून सांगितलं," आण्णा म्हणाले. "हे कापड लेकराला घालू नका. कुनी हाक मारली तर उठनारं लेकरू असावं. माझा गुण नगं."

आत्याबाईंनी पिशवीच्या तळाशी हात घातला आणि एक झबलं काढलं. पांढरं, विरलेलं, गळ्याशी गौसियाआपांची बारीक टीप. त्यांनी ते माझ्या पायाशी पलंगावर पसरलं. मी कपाटाकडं बघणं सोडल्यावर कधीतरी ते शिवून आलं होतं.

"फडक्यांत टाका म्हणालात, टाकलं," त्या आण्णांना म्हणाल्या. "ही पोरगी रोज दोनदा वर न्यायची, मी दोनदा खाली आणायची. तुमच्या शब्दापायी सुनेच्या शिव्या खाल्ल्या, त्या पण पोरांसमोर. पण तो शब्द लेकरू येईपर्यंतचा. आता लेकरू आलं. तुमच्या माघारी घालायचं नव्हतं, म्हणून सकाळी हे काढलं न्हाई."

"नगं इहिणबाई."

"गप बसा. त्या सहाशे अठ्ठेचाळीसवाल्याला जेवायला उठवायचं तर मला तीनदा जिना चढावा लागायचा. एका हाकेला उठणारं एक पोरगं आजवर वर राहिलं न्हाई. एकदा न उठल्याचं ज्याला सव्वीस वर्षं लागून राहिलंय, त्याचंच कापड मला पाहिजे."

त्यांनी हिरवं कापड सोडलं आणि मुलीला झबलं घातलं. इवलासा हात बाहीतून बाहेर येईना, तेव्हा त्यांनी दोन बोटं आत घालून तो हळूच ओढून घेतला. आण्णांनी तोंड भिंतीकडं केलं होतं. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. तुम्ही झोपला नसतात तर काय वाचलं असतं, गाव गेलं ते काही तुमच्या झोपेनं गेलं नाही, असलं काहीतरी. पण ही सगळी वाक्यं त्यांनी स्वतःला माझ्या आधी कितीतरी वेळा म्हणून बघितली असतील, हे मला कळत होतं. मी गप्प राहिले. माझ्या स्वभावाला ते फार जड गेलं.

आत्याबाईंनी मुलीला पाळण्यात ठेवलं आणि हिरव्या कापडाची घडी घालायला लागल्या. खालून चहावाल्याचा आवाज येत होता. तेवढ्यात मुलगी रडली. रडणंही म्हणता येणार नाही, घशातल्या घशात जरासं कुरकुरली, बाजूच्या खोलीत ऐकू जाणार नाही एवढंच.

मी उठायला कोपर टेकलं, आत्याबाई वळल्या. त्याआधी स्टूल मागं पडल्याचा आवाज झाला. आण्णा पाळण्यापाशी पोचले होते. त्यांनी दोन्ही हात तिच्या अंगाखाली नीट घातले, एक मानेखाली, एक कमरेखाली.

"आलो," ते म्हणाले. "आलो गं माय, आलो."